वेगमापकाचा कांटा कां थांबतो ?

भाईंदर स्टेशनाच्या बाहेर किंवा मीरा रोडच्या एखाद्या शाळेच्या फाटकापाशीं सकाळीं उभें राहिलें, तर चौकोनी डब्यासारख्या दिसणाऱ्या जुन्या व्हॅनगाड्या अजूनहि दृष्टीस पडतात. गुडगांवच्या मारुति उद्योगानें ही गाडी १९८४ सालीं 'मारुति व्हॅन' या साध्या नांवानें बाजारांत आणली. १९८८ सालीं तिला 'ओम्नी' हें नांव मिळालें आणि २०१९ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. कारखान्यानें हात आवरला, तरी ज्यांच्या संसाराचा गाडा या गाडीवर चालतो त्यांना तिला रजा देतां आलेली नाहीं. मुलांस शाळेंत पोंचविणें, उत्तनची मासळी बाजारांत नेणें, भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांतील स्टीलचीं भांडीं दुकानीं पोंचतीं करणें, अशीं कामें ती निमूटपणें करीत असते.

अशा वयस्कर गाडीची एक ठराविक तक्रार असते. एके दिवशीं चालकासमोरील वेगमापकाचा कांटा शून्यावर जाऊन बसतो आणि गाडी कितीहि धांवली तरी जागचा हलत नाहीं. इंजिन चालतें, ब्रेक लागतो, दिवे लागतात. म्हणून मालक त्याकडे काणाडोळा करितो. चार-सहा महिन्यांनीं गाडी तपासणीसाठीं न्यावयाची वेळ आली म्हणजे मात्र धांवपळ सुरू होते, आणि गॅरेजांत पहिलेंच वाक्य ऐकूं येतें, "शेठ, मीटर गेला, नवा टाकावा लागेल." वस्तुतः दहांतून बहुतेक वेळां मीटर गेलेला नसतो. ज्याचा अपराध सर्वांत थोडा आणि किंमत सर्वांत अधिक, तोच भाग अशा वेळीं प्रथम फेंकला जातो. कांटा कां थांबला हें शोधण्यास फारशीं हत्यारें लागत नाहींत; चाकापासून कांट्यापर्यंत गति कोणत्या वाटेनें जाते हें समजलें, म्हणजे ती वाटेंत कोठें अडली हें पायरीपायरीनें पाहतां येतें.

परंतु त्याआधीं, कांट्यावांचून चालतें असें मानणाऱ्यांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. वर्षानुवर्षें गाडी हांकणारा मनुष्य म्हणतो कीं, इंजिनाच्या आवाजावरून वेग कळतो. हा विश्वास फसवा आहे. मनोरच्या बाजूनें महामार्गावर तासभर ऐंशीच्या वेगानें आलेला चालक खाडीवरील पूल ओलांडून काशीमिऱ्यास गांवांत वळतो, तेव्हां पन्नासाचा वेग त्यास रांगण्यासारखा भासतो. डोळ्यांस मोठ्या वेगाची संवय झालेली असते. ती उतरावयास कांहीं काळ जावा लागतो, आणि नेमक्या त्याच काळांत समोर शाळा, रिक्षांची रांग व रस्ता ओलांडणारीं माणसें येतात. चाळिसाऐवजीं साठाचा वेग झाला तर वेग दीडपट होतो, पण धडकेंतील शक्ति वेगाच्या वर्गानें वाढत असल्यामुळें ती सव्वादोनपट होते. हा हिशेब ज्याच्या गाडींत दुसऱ्यांचीं मुलें बसलेलीं आहेत त्यानें तरी विसरूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ११२ वें कलम वेगाच्या मर्यादेचें आहे, आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११७ वा नियम खास वेगमापकासाठीं आहे. मर्यादा पाळावयाची आणि मोजण्याचें साधन मात्र बंद, हा व्यवहार कोणत्याहि न्यायानें बसत नाहीं.

आतां गतीची वाट पाहूं. ओम्नीचें ७९६ घनसेंटिमीटरचें तीन सिलिंडरांचें इंजिन पुढील आसनांच्या खालीं असतें आणि त्याचा जोर गिअरबॉक्समधून एका लांब दांड्यावाटे मागील चाकांना मिळतो. गिअरबॉक्सच्या ज्या टोंकांतून हा जोर बाहेर पडतो, तेथें आंतल्या बाजूस एक दांतेरी चक्र असतें. त्या चक्रांत एक लहान दांतेरी चाकी अडकविलेली असते, आणि त्या चाकीच्या मधोमध चौकोनी भोंक असतें. त्या भोंकांत एका लवचीक पोलादी तारेचें चौकोनी टोंक बसतें. हीच ती केबल. ती बारीक तारांचे थर एकमेकांवर गुंडाळून केलेली असून एका नळींतून, गाडीच्या तळाखालून वळणें घेत, चालकासमोरील मापकाच्या पाठीमागें पोंचते. विहिरीच्या रहाटाचा दोर ओढला जातो तशी ती ओढली जात नाहीं; ती आपल्या जागीं राहून स्वतःभोंवतीं फिरते. चाक जितकें जलद, तितकी तीहि जलद.

मापकाच्या पोटांत जें घडतें तें मोठें मौजेचें आहे. तारेचें वरचें टोंक एका लहान लोहचुंबकास फिरवितें. चुंबकाभोंवतीं ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते व वाटीच्या दांडीवर कांटा. चुंबक आणि वाटी यांचा एकमेकांस स्पर्श नसतो. आणि ॲल्युमिनियम तर चुंबकाकडे ओढलें जाणारी धातूच नव्हे. तथापि चुंबक फिरूं लागला कीं वाटीहि त्याच्यामागें जाऊं पाहते. फिरत्या तांब्याच्या तबकडीचा चुंबकसूचीवर परिणाम होतो, हें अरागो या फ्रेंच पंडितानें १८२४ सालीं दाखविलें होतें. त्याचें कारण १८३१ सालीं फॅरडेच्या संशोधनानें उकललें. हालत्या चुंबकामुळें धातूंत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात आणि ते चुंबकास धरून ठेवूं पाहतात. ऑटो शुल्झे नांवाच्या जर्मन संशोधकानें या तत्त्वावरील वेगमापकाचें पेटंट १९०२ सालीं घेतलें. वाटी चुंबकाबरोबर गरगर फिरूं नये म्हणून घड्याळांत असते तशी केसासारखी एक स्प्रिंग तिला मागें खेंचीत असते. चुंबकाची ओढ आणि स्प्रिंगची ओढ जेथें समान होतात तेथें कांटा स्थिरावतो, आणि तोच आपला वेग. ज्या दांडीवर चुंबक आहे त्याच दांडीवरील मळसूत्री दांत्यांनीं किलोमीटर मोजणाऱ्या आंकड्यांच्या चकत्याहि फिरतात.

ही शेवटची गोष्ट निदानाची किल्ली होय. कांटा आणि आंकडे हीं एकाच दांडीचीं दोन अपत्यें आहेत. यास्तव कोणताहि स्क्रू हातीं घेण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: कांटा थांबला आहे, पण किलोमीटरचे आंकडे चालतात काय ? भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा या गांवांवरून उत्तनपर्यंत एक फेरी करावी, निघतांना व पोंचतांना आंकडा कागदावर टिपून ठेवावा, म्हणजे या प्रश्नाचें उत्तर मिळतें. त्यास एक पैसाहि अधिक पडत नाहीं.

आंकडे पुढें सरकले आणि कांटा मात्र मेलेला, तर केबल, चाकी, गिअरबॉक्स हीं सर्व निर्दोष ठरतात. दोष वाटींत, केसस्प्रिंगमध्यें किंवा कांट्याच्या बैठकींत आहे. या एकाच प्रसंगीं मीटर उघडण्यास सबळ कारण आहे. उलट कांटा नीट चालतो पण आंकडे थांबलेले, तर आंकड्यांच्या बारीक नायलॉनी चकत्यांपैकीं एखादी फुटली असें समजावें. हा दोष वेगाच्या दृष्टीनें निरुपद्रवी दिसतो, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षें तसाच राहतो. पुढें तेल बदलण्याचा हिशेब चुकतो, व गाडी विकतांना घेणाऱ्याची फसवणूक होते ती निराळीच. जुनी गाडी घेणारानें हें ध्यानांत ठेवावें कीं, गाडी कमी धांवलेली दिसावी म्हणून केबल मुद्दाम सोडून ठेवणारे महाभाग या व्यवहारांत आहेत. 'कालच बंद पडला' असें सांगितलेला वेगमापक कधीं कधीं तीन वर्षांपूर्वीं बंद केलेला असतो. पावदानें व आसनें यांची झीज आंकड्यांशीं जुळते कीं नाहीं हें पाहिलें म्हणजे उलगडा होतो.

बहुतेकदां मात्र कांटा आणि आंकडे दोन्ही एकदमच थांबलेले असतात. तेव्हां दोष वाटेंत आहे हें निश्चित. तो कोठें आहे हें पाहण्यासाठीं प्रथम मापकाच्या पाठीमागें हात घालून केबलची चुडी चांचपावी. खड्ड्यांच्या हादऱ्यांनीं ती सैल होऊन केबलचें टोंक आपोआप बाहेर आलेलें असण्याचा संभव पुष्कळ. चुडी बोटांनीं घट्ट केली कीं रोग बरा. असें न आढळल्यास केबल मापकापासून सोडवून तिचें टोंक डोळ्यांसमोर येईल असें धरावें, गाडी सपाट जागीं न्यूट्रलमध्यें ठेवावी आणि दुसऱ्या माणसानें ती पांच-दहा पावलें ढकलावी. चालकाच्या जागेवर बसणाराचा पाय ब्रेकवर तयार असावा. इंजिन चालूं करण्याची अगर मागील चाकें जॅकवर उचलण्याची कांहीं गरज नाहीं. उचललेल्या चाकाखालीं डोकें घालून पाहण्याचा जो एक प्रघात गॅरेजांतून दिसतो तो जिवावर बेतण्यासारखा आहे. गाडी ढकलतांना तारेचें चौकोनी टोंक फिरतांना दिसलें, तर खालची सर्व वाट मोकळी आहे आणि अडचण मापकांत आहे. टोंक स्तब्ध राहिलें, तर तार तुटली आहे किंवा खालच्या चाकीचे दांते झिजले आहेत.

या दोहोंतील निवड तार बाहेर ओढल्यानें होते. नळींतून वरच्या बाजूनें तार ओढावी. अखंड आली तर ती निर्दोष असावी, आणि अर्धवट आली तर तिचा दुसरा तुकडा खालच्या बाजूनें काढावा. नुसता वरचा तुकडा काढून नवी तार घुसविण्याची घाई करणाऱ्यास नळींत अडकलेला जुना तुकडा पुन्हां त्रास देतो. तार अखंड असली तरी तिचीं दोन्ही टोंकें न्याहाळावींत. चौकोनाचे कोपरे झिजून गोल झाले असले तर टोंक चाकीच्या भोंकांत नुसतें गुळगुळीत फिरत राहतें. तार सपाट फरशीवर ठेवून हाताच्या तळव्यानें लाटल्यासारखी फिरवावी. सरळ तार शांतपणें लोळते. मुरड पडलेली तार मध्येंच उसळी मारते. हीं सर्व लक्षणें ठीक असतील तरच गिअरबॉक्सवरील चाकी काढून पाहावी. तिचे दांते एकाच बाजूस चाटून गेलेले दिसले कीं दुसरें कारण शोधावयास नको.

येथें एका फसगतीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण ती वारंवार घडते. तुटलेली केबल काढून नवी घातली जाते. कांटा उत्साहानें उठतो. मालक समाधानानें घरीं जातो. आणि चौथ्या दिवशीं कांटा पुन्हां शून्यावर. "भाऊ, केबलच खराब निघाली," असें मिस्त्री म्हणतो. "मग चांगल्या कंपनीची टाका," असें मालक म्हणतो, आणि तीहि तुटते. कोणीहि विचारीत नाहीं कीं पहिली केबल तुटली कां. मापकांतील चुंबकाची दांडी तेलावांचून कोरडी पडली असली, तर ती फिरण्यास अडते. खालून गिअरबॉक्सचा जोर आणि वरून अडलेली दांडी, या दोहोंत सांपडलेली तार पिळून तुटते. अशा वेळीं केबल ही रोगी नव्हे, ती बळी होय. म्हणून नवी केबल जोडण्यापूर्वीं जुन्या तारेच्या टोंकाचा बोटभर तुकडा मापकाच्या भोंकांत घालून दोन बोटांनीं फिरवून पाहावा. दांडी अलगद फिरली पाहिजे, आणि योग्य दिशेनें झटकन फिरविल्यास कांटा किंचित उठला पाहिजे. उलट दिशेनें फिरविलें तर कांटा शून्याच्या खुंटीवर दाबला जाईल; तो दोष समजूं नये. दांडी जड लागली तर तिच्या बैठकींत पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा. दुसरा थेंब वाटीपर्यंत जाऊन नवें दुखणें आणील.

मीरा-भाईंदरास या दुखण्याचें मूळ बहुतेक हवेंत आहे. पश्चिमेस उत्तनचा समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, आणि मध्यंतरीं भाईंदरचीं मिठागरें. खारट दमट वारा लोखंडास खातो हें येथल्या खिडक्यांच्या गजांवरूनहि दिसतें. मग गाडीच्या तळाखालून जाणाऱ्या पोलादी तारेची काय कथा! नळीचें वरचें आवरण उन्हानें व इंजिनाच्या उष्णतेनें तडकतें, पावसाळ्यांत सखल रस्त्यांवरील पाणी त्या भेगेंतून आंत शिरतें, आंतलें ग्रीस वाहून जातें आणि गंज चढतो. मरण्यापूर्वीं केबल सूचना देते; पण ती कोणी ऐकत नाहीं. कांटा थरथरूं लागतो, चाळीस-पन्नासांच्या मध्यें नाचतो, सकाळच्या गारव्यांत समोरून बारीक किरकिर ऐकूं येते. त्या वेळीं तार काढून रॉकेलानें पुसून हलकें ग्रीस लावलें असतें तर ती आणखी कांहीं वर्षें चालली असती. ग्रीस लावतांना वरचा वीतभर भाग कोरडा ठेवावा, कारण तार फिरतांना ग्रीस मळसूत्राप्रमाणें वर चढवीत नेते आणि तें मापकांत शिरतें. गिअरबॉक्सकडील रबरी सील गेलें असलें तर गिअरचें तेलहि याच मार्गानें वर येतें. केबलच्या वरच्या टोंकाशीं काळपट तेल दिसलें तर तो दोष खालचा आहे हें ओळखावें. नवी केबल बसवितांना तिला कोठेंहि वीतभर त्रिज्येहून तोकडें वळण देऊं नये, व ती तापणाऱ्या नळ्यांस टेकूं देऊं नये. जुनी केबल जेथून गेली होती तेथूनच नवी न्यावी. जवळची वाट शोधण्याची चतुराई येथें नडते.

पुढील काळांतील गाड्यांत तार गेली आणि तिच्या जागीं विद्युत्-संवेदक आला. तो गिअरबॉक्सवर बसतो आणि फिरत्या चक्राच्या प्रत्येक फेऱ्यास कांहीं ठराविक विद्युत्-ठोके वायरींतून मापकाकडे पाठवितो. येथें शोधाचा क्रम बदलतो. मापकावरील इतर कांटेहि त्याच वेळीं मेले असतील तर प्रथम फ्यूज पाहावा. एकटा वेगाचाच कांटा मेला असेल तर संवेदकाचा जोड उघडून पाहावा. तांब्याच्या पिनांवर हिरवट किटण चढलें असेल तर तो समुद्रकांठचा नेहमींचा प्रताप होय. गॅसची टाकी, धोक्याची घंटा किंवा गाण्याचा संच बसवितांना कोणी वायर तोडली-जोडली होती काय, याचीहि चौकशी करावी. सुझुकी घराण्याच्या कांहीं गाड्यांत या दोन युगांचा संकर आढळतो. तार तर आहेच, पण मापकाच्या पोटांत एक लहानशी विद्युत्-कळ बसवून इंजिनाच्या नियंत्रकास वेगाची वर्दी दिलेली असते. अशा गाडीची तार तुटली तर मेलेल्या कांट्याबरोबर इंजिनाचा इशारा देणारा दिवाहि लागण्याचा संभव असतो, आणि न समजणारा मिस्त्री भलत्याच ठिकाणीं दोष शोधीत बसतो.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावें, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. मोबाइल फोन उपग्रहांच्या साह्यानें वेग दाखवितो आणि मोकळ्या रस्त्यावर तो पुष्कळसा विश्वसनीय असतो. उंच इमारतींच्या गल्लींत किंवा पुलाखालीं मात्र तो मागें पडतो. तो समोर घट्ट बसविलेला असावा. हातांत धरून पाहणें म्हणजे आगींतून फुफाट्यांत. याहून जुना उपाय रस्त्याच्या कडेलाच उभा आहे. महामार्गावर किलोमीटरच्या दगडांमध्यें दोनशें-दोनशें मीटरांवर लहान दगड असतात. शेजारीं बसलेल्या माणसानें घड्याळांत सेकंद मोजावेत. ३६०० या संख्येस एका किलोमीटरास लागलेल्या सेकंदांनीं भागिलें कीं ताशीं किती किलोमीटर हें निघतें: नव्वद सेकंद लागले तर चाळीस, बहात्तर लागले तर पन्नास, साठ लागले तर साठ. दोनशें मीटरांच्या दगडांवर हेंच मोजावयाचें तर अठरा सेकंदांस चाळीस. चालकानें स्वतः घड्याळाकडे पाहूं नये, हें सांगावयास नकोच.

हाच हिशेब दुरुस्तीनंतरहि उपयोगीं पडतो. नव्या केबलनें उठलेला कांटा खरें बोलतो कीं नाहीं हें त्याशिवाय कळत नाहीं. मूळ मापाहून मोठे किंवा लहान टायर चढविले असतील, अगर चुकीच्या दांत्यांची चाकी बसविली असेल, तर कांटा उत्साहानें उठतो पण चुकीचा आंकडा दाखवितो. आणि आंकड्यांचीं चक्रेंहि त्याच प्रमाणांत चुकतात. पहांटेच्या वेळीं रस्ता मोकळा असतांना कांटा चाळिसावर स्थिर ठेवावा, शेजाऱ्यानें पांच दगड मोजावेत, म्हणजे एक किलोमीटर होतो, आणि लागलेले सेकंद कागदावर मांडावेत. नव्वदाच्या आसपास आले तर काम झालें. ऐंशी आले तर गाडी खरी पंचेचाळिसानें धांवत आहे आणि कांटा चाळीस म्हणत आहे. अशा गाडीच्या चाकीचे दांते पुन्हां एकवार मोजून घ्यावेत. आठवड्याभरानें मापकामागील चुडी बोटांनीं पुन्हां चांचपून पाहावी. नव्या केबलची चुडी पहिल्या कांहीं दिवसांच्या हादऱ्यांत थोडी सैल होतेच.